सहकारी संस्थेत परवडणारं घर: मंजुरीची वाट पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवडणाऱ्या घरांच्या एका सहकारी संस्थेत अर्ज देऊन मी जवळजवळ तीन वर्षं वाट पाहिली. घर मिळाल्यावर काही काळ त्याच संस्थेच्या सभासदत्व समितीवर काम केलं. अर्जदार असताना ज्या फायलींची नुसती कल्पना करत होते, त्या तेव्हा हाताळायला मिळाल्या. दोन्ही काळांत कानावर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम देशागणिक आणि संस्थेगणिक वेगळे असतात, त्यामुळे तुमच्या संस्थेचे उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे लेखी नियम, हाताशी ठेवूनच हे वाचा.

अर्ज देऊन चार महिने झाले, कुणी काही कळवत नाही. नाकारला असेल का?

बहुधा नाही. नकार द्यायचा तर बैठक लागते, ठराव लागतो, इतिवृत्तात नोंद लागते. नुसती शांतता असेल तर बहुतेक वेळा फाइल अजून कुणी उघडलेली नसते. नाहीतर उघडून, एक कागद कमी आहे म्हणून बाजूला ठेवलेली असते.

माझ्या बाबतीत हे दुसरं घडलं. शेवटच्या पानावर नवऱ्याची सही राहून गेली होती. त्या एका सहीपायी अर्ज सात महिने पडून होता. त्रुटी कळवायची जबाबदारी कुणाची, हेच तिथे ठरलेलं नव्हतं. आठव्या महिन्यात मी स्वतः जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं. म्हणून पोचपावती मिळाली की निश्चिंत होऊ नका. पाकीट पोचलं, एवढंच ती सांगते. ‘अर्ज पूर्ण असून यादीत घेतला आहे’ असं तारखेसह लेखी मागून घ्या.

यादीत नाव लागणं, मंजुरी मिळणं आणि घर मिळणं या एकाच गोष्टी ना?

तिन्ही वेगळ्या आहेत, आणि बहुतेक मनस्ताप ही गल्लत झाल्यामुळेच होतो.

यादीत नाव म्हणजे तुमची वेळ आली की संस्था तुमचा विचार करेल. मंजुरी म्हणजे समितीने कागद तपासले, भेट घेतली आणि तुम्हाला सभासद करून घ्यायला संस्था तयार आहे. घर मिळणं म्हणजे तुमच्या कुटुंबाला साजेशी एखादी जागा रिकामी झाली आणि ती तुमच्या नावे झाली. काही संस्था आधी सभासद करून घेतात आणि घर पुढे कधीतरी देतात. काही ठिकाणी घर रिकामं झाल्यावरच अर्जदाराची छाननी सुरू होते. तुमची संस्था कुठल्या पद्धतीने चालते हे पहिल्याच भेटीत विचारा. मंजुरीपत्र हातात आल्यावर पेढे वाटून, मग पुन्हा दोन वर्षं वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण एवढा वेळ लागतो तरी कशाला?

घरं कमी आणि मागणी फार, हे तर आहेच. पण त्याखेरीज आतली काही कारणं आहेत, आणि ती बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत.

पहिलं कारण अंतर्गत बदलीचं. घर रिकामं झालं की ते थेट बाहेरच्या यादीकडे येत नाही. आधी संस्थेतल्याच लोकांना विचारलं जातं. कुणाच्या घरात माणसं वाढलेली असतात, कुणाची मुलं पांगलेली असतात, कुणाला जिने चढवत नाहीत आणि तळमजला हवा असतो. एक कुटुंब हललं की त्याचं घर मोकळं होतं, त्यात दुसरं जातं, आणि साखळीच्या शेवटी उरलेली जागा बाहेरच्या अर्जदाराला मिळते. तोवर दोनतीन घरांची डागडुजी आणि रंगकाम व्हायचं असतं, जुन्या सभासदाचे भागाचे (शेअरचे) पैसे परत द्यायचे असतात.

दुसरं कारण बैठकांचं. समितीवरची माणसं आपापली नोकरी सांभाळून, बहुतेक ठिकाणी विनामोबदला हे काम करतात. बैठक महिन्यातून एकदा. एखाद्या महिन्यात गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, भरली नाही की सगळे अर्ज पुढच्या महिन्यावर.

तिसरं कारण मला समितीवर गेल्यावर कळलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. याद्या शिळ्या असतात. आम्ही एका रिकाम्या घरासाठी यादीतल्या पहिल्या माणसाला पत्र पाठवलं, उत्तर नाही. नियमाप्रमाणे पंधरा दिवस थांबलो. दुसऱ्याला पाठवलं, पत्ता बदललेला. तिसऱ्याने कळवलं की त्यांना वर्षभरापूर्वीच दुसरीकडे घर मिळालं आहे. चौथं कुटुंब हवालदिल होऊन वाट पाहत होतं, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला आम्हाला दीड महिना लागला. घर त्या काळात रिकामं पडून होतं.

माझा क्रमांक बारावा आहे. म्हणजे साधारण किती काळ?

नुसत्या क्रमांकावरून काही सांगता येत नाही. बहुतेक संस्था घराच्या आकाराप्रमाणे वेगळ्या याद्या ठेवतात, त्यामुळे बारावा कुठल्या यादीत, हे आधी पाहा. मग विचारा, ‘गेल्या पाच वर्षांत या आकाराची किती घरं बाहेरच्या अर्जदारांना दिली?’ वर्षाला दोन जात असतील तर हिशेब तुमचा तुम्हालाच करता येईल. हा प्रश्न विचारताना संकोच वाटून घेऊ नका. कुठल्याही संस्थेकडे ही माहिती असते, आणि अर्जदाराला ती देण्यात काही गुपित फुटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये परवडणाऱ्या घरांसाठीच्या १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याखाली उभ्या राहिलेल्या सहकारी इमारतींचं उदाहरण घ्या. त्यातल्या कित्येकांच्या याद्या वर्षानुवर्षं बंद असतात. एखादी उघडली की अर्जांची सोडत काढून क्रम लावतात, कारण आधी आला त्याला आधी म्हणायचं तर रांगच आवरत नाही. त्याच शहरातली को-ऑप सिटी ही याच कायद्याखाली उभी राहिलेली सहकारी वसाहत १५,३७२ घरांची आहे. घरं इतकी असली तरी रांग संपत नाही, कारण परवडणाऱ्या घरातून माणूस सहसा उठून जात नाही. तुमच्यासाठी ती आज वाईट बातमी आहे. आत गेल्यावर तीच चांगली ठरेल.

माझ्या मागच्या अर्जदाराला आधी घर कसं मिळालं?

ओळख हे एकच कारण नसतं, तरी शंका येणं स्वाभाविक आहे. वेगळ्या आकाराचं घर, जिने न चढता येणाऱ्यांसाठी राखलेलं घर, घरातल्या हिंसेतून किंवा बेघरपणातून सुटका करून द्यायची म्हणून दिलेलं प्राधान्य, वेगळा उत्पन्न गट, यांतलं काहीही असू शकतं. झुरिकमधल्या बऱ्याच सहकारी संस्थांत खोल्यांपेक्षा राहणारी माणसं फार तर एकाने कमी असावीत असा दंडक आहे. म्हणजे चार खोल्यांच्या घरात किमान तीन माणसं. तिथे दोघांचं कुटुंब यादीत वर असलं तरी ते घर त्यांच्या मागच्या तिघांना जाणार.

पण प्राधान्याचे नियम लेखी असले पाहिजेत आणि मागितल्यावर ते दाखवले पाहिजेत. ‘आमची एक पद्धत आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. कागदावर नसलेली पद्धत माणूस बघून बदलते.

मी सारखी चौकशी केली तर समितीचा रोष ओढवेल का?

ही भीती मलाही होती. समितीवर गेल्यावर उलट कळलं. ज्यांच्याकडून काही येत नाही त्यांची नावं यादी साफ करताना गळतात. बऱ्याच संस्था वर्षातून एकदा ‘अजून इच्छुक आहात का’ असं विचारतात, आणि उत्तर आलं नाही तर नाव काढतात.

तीन महिन्यांतून एकदा छोटं पत्र किंवा ईमेल पुरे. अर्जाचा आवक क्रमांक, तारीख, आधीच्या पत्राचा संदर्भ, आणि एकच नेमका प्रश्न. ‘काय झालं आमचं?’ या प्रश्नाला उत्तर देणं अवघड असतं. ‘अर्ज पूर्ण आहे का आणि आजचा क्रमांक किती?’ याला दोन ओळींत उत्तर देता येतं, म्हणून ते येतंही. फोन करायचा तर करा, पण फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. पदाधिकारी बदलतात आणि फोनवरचं बोलणं त्यांच्याबरोबर जातं.

मधल्या काळात नोकरी बदलली, मूल झालं, आई राहायला आली. कळवायचं का?

हो, लगेच आणि लेखी. माणसं वाढली की तुमची यादी बदलू शकते. तेव्हा विचारून घ्या की नव्या यादीत जुन्या अर्जाची तारीख धरणार की आजची. यावर वर्षं अवलंबून असतात.

उत्पन्नाचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे लोक घाबरून चुका करतात. परवडणाऱ्या घरांना सहसा दोन मर्यादा असतात: याहून जास्त कमाई नको, आणि महिन्याचा आकार, म्हणजे संस्थेला दरमहा द्यायची रक्कम, भरता येईल इतकी तरी हवी. ही तपासणी बहुतेक ठिकाणी घर देऊ करताना होते, अर्जाच्या दिवशीच्या आकड्यावर नाही. पगार वाढला म्हणून लपवू नका. खोटी माहिती निघाली तर राहायला गेल्यानंतरही सभासदत्व जाऊ शकतं. थोडीशी वाढ असेल तर मर्यादा किती आहे ते आधी पाहा, कारण ती अनेक ठिकाणी दरवर्षी बदलते. आणि आत गेल्यावर उत्पन्न वाढलं तर लगेच बाहेर काढतात असंही नाही. मिचेल-लामा इमारतींत अशा कुटुंबाला जादा आकार भरावा लागतो, घर राहतं.

दिलेली कागदपत्रं पुन्हा का मागतात?

शिळी होतात म्हणून. उत्पन्नाचा दाखला, बँकेचा उतारा यांना काही महिन्यांचीच मुदत असते. एक फाइल घरी तयार ठेवा आणि दर तिमाहीत ताजी करा. बोलावणं आलं की हातात आठदहा दिवसच मिळतात.

मुलाखतीत काय विचारतात?

तुम्ही किती चांगले आहात हे कुणाला जोखायचं नसतं. निदान जोखू नये. समितीला दोन गोष्टी हव्या असतात: तुम्ही दरमहा पैसे भराल का, आणि ही संस्था आपणच चालवायची असते हे तुम्हाला ठाऊक आहे का.

दुसरी गोष्ट अर्जदार हलकी घेतात. सहकारी घरात घरमालक नसतो. पाण्याची टाकी गळाली तर तक्रार कुणाकडे करायची याचं उत्तर ‘आपल्याकडेच’ असं असतं. उरुग्वेमध्ये १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर परस्पर साहाय्याच्या सहकारी संस्था वाढल्या. तिथे सभासद कुटुंबं दर आठवड्याला ठरलेले तास बांधकामावर स्वतः राबतात आणि आपली वसाहत उभी करतात. सगळीकडे विटा उचलायला लागत नाहीत, पण सभेला यावं लागतं, कुठल्यातरी समितीचं काम घ्यावं लागतं. मुलाखतीला जाण्याआधी शक्य असेल तर उपविधी वाचा आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. मला आठवतं, एका बाईंनी आम्हालाच विचारलं, ‘दुरुस्ती निधीत पैसे किती आहेत?’ सगळे सावरून बसलो. प्रश्न अगदी रास्त होता. गंगाजळी नसलेल्या संस्थेत आज आकार कमी असतो आणि तीन वर्षांनी छत गळू लागलं की एकदम मोठी वर्गणी येते.

भागाचे पैसे आधीच भरायचे का?

अर्जाचं किरकोळ शुल्क किंवा यादीत राहण्यासाठी सभासदत्वाचा लहानसा भाग मागणाऱ्या संस्था आहेत. स्वीडनमध्ये १९२३ साली स्थापन झालेल्या एचएसबी या सहकारी संघाचे सभासद घरासाठी नियमित बचत करतात, आणि त्या बचतीमुळे नव्या घरांच्या रांगेत त्यांना आधी स्थान मिळतं. हे उघड, छापील नियम आहेत. पैसे संस्थेच्या खात्यात जातात आणि पावती मिळते.

घराचा मुख्य भाग मात्र मंजुरी आणि घराचा नेमका क्रमांक लेखी मिळाल्याशिवाय भरू नका. व्यक्तीच्या खात्यावर तर कधीच नाही. ‘समितीत माझा माणूस आहे, दोन महिन्यांत काम करून देतो’ असं म्हणणारा भेटला तर उठून निघून या आणि संस्थेला कळवा. वाट पाहून थकलेल्या माणसालाच असे लोक हेरतात.

आताचं भाड्याचं घर केव्हा सोडायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकलेली कुटुंबं दोन घरांच्या मध्ये लटकतात.

‘तुमचं जवळजवळ झालंच’ असं कुणी सांगितलं म्हणून घरमालकाला नोटीस देऊ नका. सांगणारा सद्भावनेने सांगत असेल, तरी नको. तीन गोष्टी हातात हव्यात: समितीचं लेखी मंजुरीपत्र, घराचा क्रमांक आणि ताब्याची तारीख असलेला, दोन्हीकडच्या सह्यांचा करार, आणि ते घर खरोखर रिकामं झाल्याची खात्री. तिसरी गोष्ट लोक विसरतात. आधीच्या सभासदाचं पुढचं घर लांबलं की त्याचं निघणं लांबतं, आणि तुमचंही.

भाडेकरार संपत आला असेल तर पूर्ण वर्षाचं नूतनीकरण करण्याऐवजी महिन्या-महिन्याने वाढवून मिळेल का ते घरमालकाला विचारा. थोडं जास्त भाडं पडलं तरी परवडतं. ताबा आणि जुनं घर सोडणं यांत दोन आठवडे तरी ठेवा. तेवढ्या दिवसांचं दुहेरी भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च यादीत नाव लागल्यापासूनच बाजूला टाकत जा. मुलांची शाळा नुसत्या अंदाजावर बदलू नका.

देऊ केलेलं घर पसंत पडलं नाही तर?

नियम पाहा. काही संस्था एकदोनदा नकार चालवून घेतात, मग नाव यादीच्या तळाशी जातं. नाकारण्याआधी घर उजेडात, शक्य तर दोन वेगळ्या वेळी पाहा. रंग उडालेल्या भिंती पाहून निर्णय घेऊ नका. ओल, पाण्याचा दाब आणि वारा पाहा. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या. प्रकृतीचं कारण असेल तर अनेक ठिकाणी तो नकार मोजत नाहीत.

समितीने ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा असा कायदा असतो का?

काही ठिकाणी असतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम २२ प्रमाणे सभासदत्वाचा अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने काहीच निर्णय कळवला नाही, तर अर्जदाराला सभासद करून घेतलं असं मानलं जातं. पण या तरतुदीने सभासदत्व मिळतं, रिकामं घर निर्माण होत नाही. तुमच्या इथे कुठला कायदा लागू आहे हे सहकार खात्यात किंवा गृहनिर्माण सल्ला केंद्रात विचारा. असा कायदा नसला तरी उपविधींत मुदत असू शकते.

नाकारलं तर सगळं संपलं का?

नाही. आधी लेखी कारण मागा. कारण सांगितलं तरच दुरुस्त करता येतं. थकबाकीची नोंद चुकीची असते, दुसऱ्या कुणाच्या नावाशी घोळ झालेला असतो, जुना हप्ता फेडलेला असूनही नोंद तशीच राहिलेली असते. अमेरिकेत पतअहवालाच्या, म्हणजे कर्ज आणि थकबाकीच्या नोंदींच्या, आधारे नाकारलं, तर तसं कळवणं आणि अहवाल कुणाकडून घेतला ते सांगणं बंधनकारक आहे.

मग अपील. आधी संस्थेतच, व्यवस्थापक समितीकडे किंवा सर्वसाधारण सभेकडे. त्यानंतर बाहेर. महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे दोन महिन्यांत अपील करता येतं. स्वीडनमध्ये भाडे न्यायाधिकरणाकडे जाता येतं, तिथे मुदत एक महिन्याची आहे. मुदती लहान असतात, म्हणून नकाराचं पत्र आलं की पहिल्याच दिवशी तारीख नोंदवा. दुःख करायला नंतर वेळ आहे. आणि अपील चालू असताना इतर संस्थांचे अर्ज थांबवू नका.

धर्म, जात, एकटेपणा किंवा अपंगत्व पाहून नाकारता येतं का?

सहकाराच्या मूळ तत्त्वाप्रमाणे नाही. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी सहकारी दुकान काढलं तेव्हापासून खुलं सभासदत्व हे या चळवळीचं पहिलं वचन आहे. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये तत्त्वांची जी मांडणी केली, तिच्यात लिंग, सामाजिक स्थान, वंश, राजकारण आणि धर्म यांवरून भेदभाव नको असं पहिल्याच तत्त्वात म्हटलं आहे.

कायदा मात्र सगळीकडे या तत्त्वाएवढा पुढे गेलेला नाही. अमेरिकेत १९६८ चा घरविषयक भेदभावविरोधी कायदा आहे, आणि १९८८ मध्ये त्यात अपंग व्यक्ती आणि लहान मुलं असलेली कुटुंबं यांनाही संरक्षण मिळालं. भारतात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. माझं मत स्पष्ट आहे. परवडणाऱ्या घरासाठी सवलतीची जमीन किंवा सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेने दार अर्धवट उघडं ठेवणं चूक आहे. मुलाखतीत लग्न कधी करणार, स्वयंपाकघरात काय शिजतं असे प्रश्न आले तर प्रश्न, विचारणारा आणि तारीख घरी येताच लिहून ठेवा.

हे घर माझ्या मालकीचं होणार का?

रूढ अर्थाने नाही. इमारत संस्थेची, तुमच्याकडे संस्थेचा भाग आणि त्या घरात राहण्याचा हक्क. सोडून जाताना बाजारभावाने विकता येत नाही. भागाची रक्कम, किंवा ठरलेल्या सूत्राप्रमाणे थोडी वाढ, एवढंच परत मिळतं. हे पुष्कळांना खटकतं. पण पुढच्या कुटुंबाला तेच घर तुमच्याइतक्याच पैशात मिळावं म्हणून ही अट आहे. तुम्ही ज्या यादीत उभे आहात, ती याच अटीमुळे अस्तित्वात आहे.

घरात रोज हाच विषय निघतो. मुलं विचारतात, उत्तर नसतं.

आमच्याकडेही हेच होतं. धाकटी दर सुट्टीत विचारायची, ‘या सुट्टीत जायचं?’ मी सुरुवातीला ‘हो, बहुतेक’ म्हणायचे, आणि दर वेळी तिचा चेहरा पडायचा. पुढे तिला खरं सांगितलं की आपला क्रमांक नववा आहे, आधी आठ घरं व्हायची आहेत. तिने भिंतीवर नऊ चौकोन काढले. क्रमांक सरकला की एक रंगवायचा. ‘बहुतेक’पेक्षा तो आकडा तिला सोसवला.

मोठ्यांसाठी एवढंच सांगेन की सध्याचं घर ‘तात्पुरतं’ म्हणून राहू नका. गळका नळ दुरुस्त करा, पडदे लावा. तीन वर्षं हा काही तात्पुरता काळ नाही.

मंजुरीपत्र आलं. आता?

अट पाहा, मुदत पाहा, स्वीकारपत्र मुदतीआधी देऊन पोच घ्या. करार सही करण्याआधी एकदा जाणकाराकडून वाचून घ्या. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा.

आणि त्याच आठवड्यात ज्या-ज्या दुसऱ्या संस्थांच्या याद्यांत तुमचं नाव आहे, तिथे पत्र पाठवा: ‘आम्हाला घर मिळालं, कृपया आमचं नाव काढावं.’ मी अशी चार पत्रं लिहिली. त्यातल्या एका ठिकाणी आमचा क्रमांक दुसरा होता.